त्रिंकोमालीचे कोणेश्वर देवस्थान : वाटचाल

श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमालीची गणना जगातील उत्तम नैसर्गिक बंदरांत होते. या एका गुणापायी त्या गावाला चार शतके स्वस्थता लाभली नाही. बंदराच्या बाहेरच्या अंगाला, उघड्या समुद्रात, जमिनीची एक चिंचोळी जीभ पुढे गेलेली आहे. तिच्या टोकाला साडेतीनशे-चारशे फूट खोल तुटलेला कडा आहे; त्याला स्वामी रॉक म्हणतात. माथ्यावर कोणेश्वर महादेवाचे मंदिर आणि जमिनीच्या बाजूला, जिभेच्या मुळाशी, फोर्ट फ्रेडरिक नावाचा किल्ला. मंदिराची वाट या किल्ल्याच्या पोटातूनच जाते. किल्ला मंदिराच्या दगडांनी बांधला गेला आणि देवस्थानाला पुन्हा त्याच किल्ल्यातून आपली वाट काढावी लागली, हा या संस्थेच्या इतिहासाचा गाभा आहे.

देवस्थानाच्या स्थापनेची तिथी सांगता येत नाही. लोकपरंपरा थेट रावणापर्यंत जाते. मातेच्या पूजेसाठी रावणाने हा कडाच उचलून न्यायचे ठरवले आणि महादेवाने त्याला रोखले, अशी कथा आहे. कड्याला पडलेली उभी भेग ‘रावणवेट्टु’, म्हणजे रावणाच्या तलवारीचा घाव, म्हणून आजही दाखवतात. वायुपुराणात लंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील गोकर्ण या शिवस्थानाचा उल्लेख येतो आणि तो याच जागेचा मानला जातो. कर्नाटकातले गोकर्ण जवळचे असलेल्या मराठी भाविकाला हे नाव परके वाटू नये. अठरा शक्तिपीठांच्या परंपरागत यादीत कोल्हापूरची महालक्ष्मी आणि माहूरची एकवीरा आहेत. त्याच यादीत लंकेची शांकरी देवी आहे आणि तिचे स्थानही याच कड्यावर सांगतात. बौद्ध परंपरेचाही या भूमीशी जुना संबंध आहे. महासेन राजाने गोकण्ण येथे विहार बांधल्याचे ‘महावंस’ सांगतो, आणि आज किल्ल्याच्या आवारात बौद्ध विहार आहे. एकाच टेकडीवर दोन धर्मांच्या आठवणी असल्या की वाद होतातच. तसे ते येथेही झाले, त्याचा उल्लेख पुढे येईल.

कथांच्या पलीकडचा भक्कम पुरावा सातव्या शतकापासून मिळतो. शैव संत ज्ञानसंबंदर यांनी कोणमामलैच्या, म्हणजे या डोंगरावरच्या, शिवावर पदे रचली. ज्ञानसंबंदरांसारख्या नायनार संतांनी गायिलेली जी सुमारे पावणेतीनशे शिवक्षेत्रे तमिळ जगात पूज्य मानली जातात, त्यांतली केवळ दोन श्रीलंकेत आहेत. पश्चिम किनाऱ्यावरचे केतीश्वरम् हे एक आणि कोणेश्वर हे दुसरे. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या तमिळ देशातही या देवस्थानाची कीर्ती पोचलेली होती. त्रिंकोमालीजवळच्या नीलावेळी येथील चोळकाळातील शिलालेखात देवस्थानाला दिलेल्या जमिनीच्या दानाची नोंद आहे. पुढे तेराव्या शतकात जटावर्मन वीर पांड्य या राजाने लंकेत विजय मिळवून आपले राजचिन्ह, दोन मासे, कोणमलैवर कोरवले. तमिळनाडूतल्या कुडुमियानमलै येथील लेखात त्याचा अभिमानाने उल्लेख केलेला आहे. वाचकांनी हे मासे लक्षात ठेवावेत.

देवस्थानाच्या परंपरेत ज्याचे नाव सर्वांत आदराने घेतले जाते तो कुळक्कोट्टन. मंदिराचा मोठा जीर्णोद्धार त्याने केला, कंतलैचा तलाव देवाच्या शेतीसाठी बांधवला, पुजारी, माळी, वाजंत्री, भांडारी अशा सेवेकऱ्यांची घराणी आणून वसवली आणि प्रत्येकाचे काम व हक्क ठरवून दिले, असे ‘कोणेसर कल्वेट्टु’ हा तमिळ ग्रंथ सांगतो. कुळक्कोट्टन नेमका कोणत्या शतकातला, यावर एकमत नाही. मात्र त्याच्या नावावर जमा असलेली व्यवस्था फार मोलाची ठरली. इमारत गेल्यावरही पूजा टिकली, ती देवाच्या कामाला बांधलेली माणसे होती म्हणून.

सतराव्या शतकाच्या आरंभी कड्यावर आणि उतारावर मिळून तीन देवळे उभी होती : एक अगदी माथ्यावर, एक मध्यावर आणि एक पायथ्याशी. सहस्रस्तंभी मंदिर म्हणून त्यांची ख्याती होती. समुद्रावरून येणाऱ्या खलाशांना ती लांबूनच दिसत. या वर्णनासाठी आपण एका जेझुइट पाद्र्याचे ऋणी आहोत. फेर्नांव द केयरोझ यांनी श्रीलंकेतील पोर्तुगीज सत्तेचा प्रचंड इतिहास गोव्यात बसून लिहिला आणि १६८८ मध्ये गोव्यातच देह ठेवला. लंकेत पोर्तुगीज सत्ता होती तोवर तिथला कारभारही गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. मंदिर पाडणाऱ्या सत्तेच्या बाजूने लिहिणाऱ्यानेच मंदिराचे वैभव नोंदवून ठेवले, हे विशेष.

संकट चहूबाजूंनी आले. १६१९ मध्ये पोर्तुगीजांनी जाफन्याचे राज्य घेतले. तिथला राजा शंकिली गोव्यात नेला गेला आणि तिथेच त्याला देहान्ताची शिक्षा झाली. १६२० मध्ये ओवे येड्डे या दर्यावर्दीच्या हाताखाली डॅनिश जहाजे त्रिंकोमालीत आली आणि त्यांनी देवळाच्याच जागी तटबंदीचे काम सुरू केले. डॅनिश लवकरच निघून गेले. मात्र ही जागा आपण घेतली नाही तर दुसरा कोणी घेईल, हे पोर्तुगीजांच्या लक्षात आले. कॅप्टन-जनरल कॉन्स्टँटिनो द सा द नोरोन्या याने १६२२ ते १६२४ या काळात मंदिरे पाडली आणि त्यांच्या चिऱ्यांचा तीन बुरुजांचा किल्ला जिभेच्या मुळाशी उभा केला. परंपरा सांगते की १६२२ च्या तमिळ नववर्षदिनी, उत्सवमूर्ती मिरवणुकीने गावात गेली असता, पुजाऱ्यांच्या वेषातले शिपाई आत शिरले. वेषांतराची कथा कितीही रंगवलेली असो, मूर्ती बाहेर असताना देऊळ लुटले गेले, या मुद्द्यावर देवस्थानाचा सगळा पुढचा इतिहास उभा आहे. मिरवणुकीतल्या सेवेकऱ्यांनी मूर्ती परत नेल्या नाहीत. काही त्यांनी जमिनीत पुरल्या, काही रानावनातून आत नेल्या.

गोमंतकातील भाविकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. सोळाव्या शतकाच्या सहाव्या दशकात कुठ्ठाळीचा मंगेश असाच जुवारी ओलांडून प्रियोळला गेला. इकडे कोणेश्वराच्या मूर्तींना त्रिंकोमालीपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या तंबलकामम् या भातशेतीच्या गावात आसरा मिळाला. कँडीचा राजा दुसरा राजसिंह याच्या आश्रयाने तिथे आदिकोणनायकर मंदिर उभे राहिले. राजा बौद्ध, देव शैव आणि शत्रू समान. हे मंदिर आजही नांदते आहे आणि मूळ देवस्थानाची शाखा म्हणून त्याचा मान आहे.

किल्ला बांधणाऱ्यांनी दगड नीट पाहून लावले असे नाही. मिळेल तो घडीव चिरा त्यांनी तटात आणि दरवाजात बसवला. त्यामुळे किल्ल्याच्या दरवाजाच्या चौकटीत एक तमिळ लेख जाऊन बसला. दरवाजाशी थांबून पाहिले तर त्या दगडावर दोन मासे कोरलेले दिसतात आणि जवळच काही अक्षरे. लेख तुटका आहे, ओळी पूर्ण लागत नाहीत. जेवढा लागतो आणि परंपरेने जेवढा जपला आहे, त्याचा आशय असा : कुळक्कोट्टनाने उभारलेले हे पवित्र काम पुढे फिरंगी मोडतील आणि त्यानंतर राजे ते पुन्हा बांधणार नाहीत. लोकांच्या तोंडी असलेल्या पाठात आणखी पुढचे आहे. फिरंग्यांमागून मांजरडोळे, लालडोळे आणि धूरडोळे राज्य करतील, असे तो सांगतो. लोकांनी या डोळ्यांना पुढे एकेक युरोपीय राष्ट्र नेमून दिले.

हे भाकीत की घडून गेल्यावरची रचना, असा प्रश्न चिकित्सक वाचकाच्या मनात येणारच. अक्षरवळणावरून लेख सोळाव्या शतकातला ठरवला गेला आहे. शिवाय असा लेख मंदिरात मिळाल्याचे आणि त्याची नक्कल पोर्तुगालला पाठवल्याचे खुद्द पोर्तुगीज कागद सांगतात. तेव्हा फिरंग्यांविषयीचा भाग जुना मानायला जागा आहे. लंकेतलेच कोट्टेचे राज्य पोखरत गेलेली ही सत्ता उद्या इकडे येणार, हे सोळाव्या शतकातल्या शहाण्या माणसाला कळायला दिव्यदृष्टी लागत नव्हती. निरनिराळ्या डोळ्यांचा भाग मात्र नंतर जोडला गेला असावा, असे वाटते. ते काहीही असो, पाडलेल्या मंदिराची तक्रार पाडणाऱ्यांच्याच दरवाजात कोरीव अक्षरांत उभी राहिली, आणि पुढे आलेल्या एकाही सत्तेने ती काढून टाकली नाही.

द सा याला हा विजय फार काळ भोगता आला नाही. १६३० मध्ये रंदेनिवेलच्या लढाईत कँडीच्या सैन्याने त्याचा पाडाव केला आणि तो मारला गेला. १६३९ मध्ये डचांनी किल्ला घेतला. तो राजसिंहाच्या हवाली झाला आणि त्याने पाडून टाकला. १६६५ च्या सुमारास डच परत आले आणि त्यांनी तो नव्याने बांधला. १६७२ मध्ये फ्रेंच आरमार येऊन गेले. १७८२ हे वर्ष तर मोठे विलक्षण : जानेवारीत इंग्रजांनी किल्ला घेतला, ऑगस्टमध्ये सुफ्राँ या फ्रेंच नौसेनानीने तो हिसकावला आणि तह झाल्यावर पुन्हा डचांकडे गेला. शेवटी १७९५ मध्ये इंग्रज आले ते कायमचे. १८०३ मध्ये त्यांनी तिसऱ्या जॉर्जच्या मुलाचे, ड्यूक ऑफ यॉर्कचे, नाव देऊन त्याचा फोर्ट फ्रेडरिक केला.

या काळातील दोन खुणा आवर्जून सांगण्यासारख्या आहेत. पहिली, कड्यावरचा एक खांब. तो जुन्या मंदिराचा मानला जातो. त्यावर १६८७ सालचा डच लेख आहे, फ्रान्सिना वान रेडे या डच सरदारकन्येच्या नावाचा. प्रियकर जहाजाने निघून गेला म्हणून तिने इथून उडी घेतली, अशी प्रेमकथा गावात सांगतात. त्यानंतर तिचे लग्न झाल्याचे कागद सांगतात. कथेला त्याने काही फरक पडलेला नाही. दुसरी खूण मराठी वाचकाच्या अधिक जवळची. किल्ल्यात एक बंगला आहे, १८०० च्या अखेरीस आणि १८०१ च्या आरंभी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली येथे समुद्रापारच्या मोहिमेची जुळवाजुळव करत राहिला होता तेव्हाचा. येथून तो मुंबईला गेला. किल्ल्याला फ्रेडरिकचे नाव मिळाले त्याच १८०३ साली, सप्टेंबरात आसईला आणि नोव्हेंबरात आडगावला, त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला.

पोर्तुगीज आणि डच आमदानीत कड्यावर उघड पूजा अशक्य होती. इंग्रजी आमदानीत ही बंदी सैल झाली आणि भाविकांना किल्ल्यातून कड्यापर्यंत जाऊ देण्यात आले. मंदिर नव्हते, मूर्ती नव्हती, छप्परही नव्हते. पुजारी कड्याच्या टोकाशी, जिथे एक पाऊल पुढे म्हणजे समुद्र, उभा राहून दिवा ओवाळी, नारळ फोडी आणि फुले, फळे, विडा खालच्या लाटांवर सोडून देई. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी हे पाहून कुतूहलाने लिहून ठेवले आहे. त्यांना ते चमत्कारिक वाटले. भाविकांना माहीत होते की मंदिराचे अर्धे दगड त्या पाण्याखाली आहेत. देवस्थानाच्या सबंध वाटचालीतला हा टप्पा सर्वांत दरिद्री आणि आमच्या मते सर्वांत थोर. ना उत्पन्न, ना इनाम, ना राजाश्रय. दरवाजावर परक्या लष्कराचा पहारा, त्याची परवानगी घेऊन आत जायचे, आणि तरीही घराण्याचे काम म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजा चालू ठेवायची.

दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४२ रोजी, जपानी विमानांनी त्रिंकोमालीवर बाँबहल्ला केला. युद्ध संपले, १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि दोनच वर्षांत तीन शतकांपूर्वीची ठेव हाती लागली. १९५० मध्ये नगरपालिकेच्या वतीने विहिरीचे खोदकाम चालू असताना कामगारांच्या पहारींना धातू लागला. कड्यापासून थोड्याच अंतरावरच्या त्या मातीतून सोमास्कंद, चंद्रशेखर शिव, पार्वती, मादुमै अंबाळ आणि गणपती अशा कांस्यमूर्ती वर आल्या. चोळ शैलीतील ओतकाम, तेही श्रीलंकेतल्या उत्तम नमुन्यांपैकी. त्या घाईने पुरणारे सेवेकरी कोण होते, त्यांची नावे कुठेच नाहीत. देवस्थानाच्या श्रेयनामावलीत पहिला मान मात्र त्यांचा.

पाठोपाठ समुद्रानेही साथ दिली. विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क तेव्हा नुकतेच श्रीलंकेत राहायला आले होते. १९५६ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी, छायाचित्रकार माइक विल्सन, यांनी कड्याखाली बुड्या मारल्या. तळाशी त्यांना कोरीव खांब, घडीव चिरे आणि वास्तूचे अवशेष विखुरलेले दिसले. पुढच्याच वर्षी क्लार्क यांनी ‘द रीफ्स ऑफ टॅप्रोबेन’ या पुस्तकात त्याची हकीगत लिहिली. याच शोधात पाण्याखालून वर आलेले शिवलिंग मंदिरात स्थापित झाले, असे देवस्थानात सांगतात. विल्सन पुढे स्वतःच संन्यासी झाले आणि स्वामी शिवकल्की या नावाने राहिले. काही वेळा शोध घेणारा असा सापडतो.

मूर्ती मिळाल्या, आता घर हवे होते. त्रिंकोमालीच्या तमिळ हिंदू समाजाने मंदिराची उभारणी हाती घेतली. सापडलेल्या मूर्ती गावोगाव मिरवल्या गेल्या. तीनशे वर्षांपूर्वी मिरवणुकीसाठी बाहेर पडलेला देव पुन्हा मिरवणुकीनेच परतत होता. ३ मार्च १९६३ रोजी नव्या मंदिरात प्रतिष्ठापना झाली. नवे मंदिर जुन्याच्या मानाने लहान आहे, हे मान्य करायला हवे. सहस्रस्तंभी वैभव परत आले नाही. तसे ते येणारही नव्हते, कारण त्याचे दगड तटात आणि दरवाजात गेलेले.

यानंतरचा काळही सुखाचा नव्हता. १९६८ मध्ये मंदिर परिसराला हिंदूंचे पवित्र क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचा विचार करण्यासाठी स्थानिक स्वराज्य मंत्री मुरुगेशन तिरुचेल्वम् यांनी समिती नेमली. बौद्ध भिक्षूंकडून हरकत आली आणि पंतप्रधान डडली सेनानायके यांनी ती समिती रद्द केली. तिरुचेल्वम् यांनी राजीनामा दिला आणि त्यांचा फेडरल पक्ष सरकारमधून बाहेर पडला. एका मंदिराच्या आवारावरून राष्ट्रीय सरकारची युती मोडावी, इतके या टेकडीचे वजन होते आणि आहे. १९८३ पासून यादवी युद्ध पेटले. किल्ल्यात लष्कराचा तळ, दरवाजावर तपासणी, गावात संचारबंदी आणि भीती. २००९ मध्ये युद्ध संपेपर्यंत अनेक वर्षे बाहेरगावचे भाविक फिरकू शकले नाहीत. पूजेची घडी मात्र मोडली नाही. छप्पर नसताना चाललेली पूजा छप्पर असताना थांबण्याचे कारण नव्हते.

आज देवस्थानात त्रिकाळ पूजा होते. महाशिवरात्रीला गावातून मोठी मिरवणूक निघते आणि पंगुनी महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, रथोत्सव भरतो. दरवाजापासून मंदिरापर्यंतचा चढ झाडीतून जातो. ठिपक्यांची हरणे रस्त्याच्या कडेला निवांत चरत असतात आणि नैवेद्याची केळी घेऊन जाणाऱ्यांच्या हाताकडे त्यांचे लक्ष असते. मंदिराबाहेर महादेवाची भव्य बैठी मूर्ती आहे, कड्याच्या कडेला हात जोडलेला रावण. लष्कराचा तळ अजूनही किल्ल्यातच आहे आणि गणवेशातले जवानही दर्शनाच्या रांगेत दिसतात.

अलीकडे महाराष्ट्रातून रामायण यात्रेच्या सहली त्रिंकोमालीला जातात. वेळ थोडा असतो, मंदिर, रावणाची भेग आणि कड्यावरून छायाचित्र एवढ्यात तासभर संपतो. बस दरवाजातून थेट वर निघून जाते. जाणाऱ्यांना विनंती एवढीच, की गाडी दरवाजाबाहेर सोडून वर पायी जावे आणि चौकटीतला तो दोन माशांचा दगड आधी पाहावा. जागा लष्कराची आहे, छायाचित्र घेण्यापूर्वी पहाऱ्यावरच्या जवानाला विचारावे. आणि दगडाला हात लावू नये, अक्षरे आधीच थोडी उरली आहेत.